पोटमाळ्यावरच्या पेट्या

गणपती उठले की शिवकाशीहून आलेल्या मालाची वर्दळ महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत वाढू लागते. घाऊक व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतात. आता उचललात तर हा भाव, दसऱ्यानंतर तो राहणार नाही. किरकोळ विक्रेता मनाशी हिशेब मांडतो. गेल्या दिवाळीत भुईचक्रे आणि पाऊस धनत्रयोदशीलाच संपले होते, यंदा दीडपट उचलू. माल येतो. दुकानात मावेल तेवढा मावतो, उरलेला पोटमाळ्यावर चढतो, जिन्याखाली सरकतो, मागच्या खोलीत छतापर्यंत रचला जातो. या धंद्यातला सर्वांत धोक्याचा काळ हाच आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची गर्दी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. तेव्हा बंदोबस्त असतो, बंब तयार असतात. माल उतरवण्याच्या दुपारी यातले काहीच नसते.

७ ऑक्टोबर २०२३ च्या दुपारी कर्नाटक-तामिळनाडू सीमेवरच्या अत्तिबेले इथे नेमके हेच घडले. दिवाळीला अजून पाच आठवडे होते. बंगळूरजवळच्या या गावात महामार्गालगतच्या एका फटाका दुकानात आणि त्याला लागून असलेल्या गोदामात ट्रकमधून पेट्या उतरत होत्या. आग लागली आणि आत काम करणाऱ्यांना बाहेर पडता आले नाही. त्याच दिवशी चौदा जण गेले, पुढे उपचारादरम्यान हा आकडा वाढला. मृतांमध्ये तामिळनाडूतून हंगामी कामाला आलेली पोरे होती, त्यातले अनेक जण धर्मपुरी जिल्ह्यातल्या एकाच गावचे. काही अजून शिकत होती, सणापुरते चार पैसे मिळवायला आली होती. गिऱ्हाइकांची झुंबड नव्हती, कोणी फटाका वाजवून पाहत नव्हते. चालू होती ती हमाली, जी महाराष्ट्रातल्या प्रत्येक फटाका दुकानात दर हंगामात होते.

प्रत्येक फटाका परवान्यावर किलोचा एक आकडा असतो. बहुतेक विक्रेते तो परवाना काचेच्या चौकटीत घालून गल्ल्यामागे टांगतात आणि आकडा विसरून जातात. या मासिकाचे म्हणणे एवढेच आहे की त्या कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. दुकानाचे आकारमान, शेजारच्या दुकानापासूनचे अंतर, दार कुठे उघडावे, वर कोणी राहावे की नाही, हे सगळे नियम आत ठराविक वजनाचाच माल आहे असे गृहीत धरून बेतलेले आहेत. माल वाढला की बाकीचे नियम तंतोतंत पाळूनही उपयोग उरत नाही.

स्फोटके नियम, २००८ मधला नियम ८३ दुकानदाराने एकदा स्वतः वाचावा, एजंटाकडून ऐकू नये. फटाक्यांचे कायम दुकान वीट, दगड किंवा काँक्रीटचे हवे. क्षेत्रफळ नऊ चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि पंचवीसपेक्षा जास्त नको. दुकान तळमजल्यावर हवे, इमारतीच्या बाकी भागापासून भक्कम भिंतींनी वेगळे केलेले, स्वतंत्र प्रवेश आणि संकटकाळी बाहेर पडण्याची वेगळी वाट असलेले, दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी. तळघर चालत नाही, पोटमाळा चालत नाही. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड असेल तर खाली फटाके चालत नाहीत. जिन्याखाली किंवा लिफ्टजवळही नाहीत. फटाके विकणाऱ्या दुसऱ्या दुकानापासून किंवा ज्वालाग्राही मालाच्या दुकानापासून पंधरा मीटर अंतर लागते. वायरिंग पक्क्या नळीतून गेलेले हवे आणि मुख्य स्विच दुकानाबाहेर, चटकन हात पोचेल असा.

आता हा नियम हातात धरून आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या पेठेत फिरावे. खाली गाळा, वर दोन बिऱ्हाडे, मागे लाकडी जिना, गाळ्यात हमखास पोटमाळा आणि समोर एकच शटर. बाजारपेठांची ही रचना शंभर वर्षांची आहे आणि ती कापडासाठी, किराण्यासाठी झाली. अशा गाळ्यात फटाके विकायला परवाना मिळत नाही, म्हणून पुष्कळदा परवाना एका जागेचा असतो आणि माल दुसऱ्याच जागी असतो. हे सगळ्यांना माहीत असते. वर राहणाऱ्या कुटुंबालाही माहीत असते. भाडेकरू म्हणून ते गप्प बसते. धंद्यातल्या जाणत्या माणसांनी या एका गोष्टीबद्दल गप्प राहणे सोडले पाहिजे.

वजनाला इतके महत्त्व का, हे फटाक्याच्या दारूत दडलेले आहे. लाकूड, कापड, कागद यांना जळायला बाहेरची हवा लागते. फटाक्यातल्या मिश्रणात पोटॅशियम नायट्रेटसारखा पदार्थ स्वतःच प्राणवायू पुरवतो. गंधक, कोळसा किंवा ॲल्युमिनियमची भुकटी हे इंधन असते. म्हणून हवा तोडून ही आग विझत नाही. भिंतीवर टांगलेल्या लाल सिलिंडरमधली कोरडी पावडर पेटलेल्या पुठ्ठ्यावर, वेष्टनाच्या कागदावर, वायरीवर काम करते, तेही पहिल्या काही सेकंदांत. पेटीतली दारू एकदा धरली की पावडरीचा इलाज संपला. त्यापुढे भरपूर पाणी मारून शेजारच्या पेट्या थंड ठेवणे आणि माणसे बाहेर काढणे, एवढेच हाती असते. वजन वाढले की दुसरी गोष्ट घडते. सुटी पेटी जळते तेव्हा उष्णता आणि वायू मोकळे सुटतात, माणसाला पळायला वेळ मिळतो. छतापर्यंत रचलेल्या थप्पीत उष्णतेला वाट नसते, कोंडलेल्या वायूचा दाब चढतो आणि जळण्याचा वेग वाढत जातो. अर्धे शटर खाली ओढून माल मोजायची सवय असलेल्या दुकानांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

इथे ओल्या मालाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. परतीचा पाऊस ऑक्टोबरात हमखास येतो, पत्रा गळतो, खालच्या रांगेतल्या पेट्या भिजतात. नुकसान वाचवायला त्या गच्चीवर उन्हात पसरल्या जातात. ॲल्युमिनियमची भुकटी आणि नायट्रेट यांच्या मिश्रणात ओल शिरली की आतल्या आत रासायनिक क्रिया सुरू होऊन मिश्रण तापू शकते. ती रोखण्यासाठीच अशा मिश्रणात बोरिक ॲसिड घालण्याची पद्धत आहे. भिजलेला माल वाळवून विकण्याजोगा राहत नाही. तो बाजूला, मोकळ्या जागी ठेवून पुरवठादाराला आणि स्फोटके विभागाला विचारावे. चार-पाच पेट्यांची किंमत त्यापुढे काहीच नाही. जमिनीपासून उंच लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर सोडून पेट्या ठेवल्या तर ही वेळ बहुधा येतही नाही.

तात्पुरत्या स्टॉलांची गोष्ट निराळी आहे. मोकळे मैदान असल्याने ते सुरक्षित वाटतात, आणि बऱ्याच अंशी असतातही, पण मांडणी नियमाप्रमाणे असेल तरच. नियम ८४ म्हणतो की स्टॉल न पेटणाऱ्या साहित्याचे हवेत, दोन स्टॉलांत किमान तीन मीटर मोकळे हवेत, स्टॉल एकमेकांसमोर तोंड करून नकोत, वस्ती-शाळा-रुग्णालयासारख्या जागांपासून पन्नास मीटर अंतर हवे, आणि एका जागी पन्नासपेक्षा जास्त स्टॉल नकोत. दिवे छताला किंवा भिंतीला घट्ट बसवलेले हवेत, लोंबत्या वायरीवर नकोत. प्रत्येक रांगेला एक मुख्य स्विच. पन्नास मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवणे बंद.

२९ ऑक्टोबर २०१६ रोजी, नरकचतुर्दशीच्या दिवशी, तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार दिवसाढवळ्या जळाला. शंभराहून अधिक दुकाने राख झाली, आसपास लावलेल्या गाड्याही गेल्या. हे आकडे नियम ८४ शेजारी ठेवले की बाकी काही सांगावे लागत नाही. त्या वेळीही एका जागी पन्नासचीच मर्यादा होती. तीन मीटरच्या मोकळ्या पट्ट्याची किंमत अशा दिवशी कळते: एक स्टॉल पेटला तर शेजारच्याला गल्ला उचलून, पोरांना हाकारून बाहेर पडायला मिळणारा तो वेळ आहे. तिथे टेबल टाकून फुलबाज्या मांडणारा विक्रेता स्वतःचाच वेळ विकत असतो.

शेजार कोणाचा आहे, हेही तितकेच मोलाचे. तामिळनाडूतल्या कल्लकुरिची जिल्ह्यात शंकरापुरम इथे २६ ऑक्टोबर २०२१ रोजी एका फटाका दुकानाला आग लागली. बाजूच्या बेकरीतले गॅस सिलिंडर त्या आगीत फुटले. माणसे गेली, आजूबाजूची दुकानेही सुटली नाहीत. आपल्याकडे दिवाळीत फटाका स्टॉलाला लागून वडापावची गाडी लागते, चहावाला स्टोव्ह पेटवतो. त्याला पन्नास मीटर लांब जायला सांगणे हे विक्रेत्याचे काम आहे, पोलिसाची वाट पाहण्याचे नाही.

परवान्याच्या मुदतीचा मुद्दा थोडक्यात. गुजरातमधल्या डीसा इथे १ एप्रिल २०२५ रोजी गोदामात स्फोट होऊन एकवीस जण मरण पावले, त्यात मध्य प्रदेशातून आलेल्या मजुरांची कुटुंबेच्या कुटुंबे होती. त्या गोदामाचा साठवणुकीचा परवाना ३१ डिसेंबर २०२४ लाच संपला होता. परवाना संपला त्या दिवशी माल हलवायला हवा होता. नूतनीकरणाचा अर्ज दिला आहे, हे उत्तर अशा वेळी कोणाच्याही कामाचे नसते.

काय विकायचे, याविषयी आता संदिग्धता राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने जोडलेल्या माळांवर आणि ऑनलाइन विक्रीवर बंदी घातली, बेरियमचे क्षार वापरू दिले नाहीत आणि विक्री परवानाधारकापुरती ठेवली. २९ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयाने बेरियमची बंदी पुन्हा ठणकावून सांगितली. बेरियम नायट्रेट हिरव्या रंगासाठी लागते हे सर्वांना ठाऊक आहे. जुन्या पद्धतीच्या साध्या फुलबाजीतही ते असते, हे अनेक विक्रेत्यांना ठाऊक नसते. गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेली दारू तर १९९२ पासूनच बंद आहे, कारण ती नुसत्या घासण्यानेही भडकते. स्वस्तातला, बिनलेबलचा, कच्च्या बिलावरचा माल नाकारण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या हरित फटाक्यांच्या पेटीवर चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. माल उतरवताना प्रत्येक जातीची एक पेटी स्कॅन करून पाहिली तरी पुष्कळ भेसळ तिथेच अडते.

दुकानात कोण काम करते, हे अत्तिबेलेनंतर कोणी दुय्यम मानू नये. अठरा वर्षांखालील मुलाला या कामावर ठेवता येत नाही. सुट्टीत भाच्याला, शेजारच्या पोराला गल्ल्यावर बसवण्याची रीत प्रेमाची असली तरी ती थांबवावी. हंगामी कामगाराला पहिल्या दिवशी मागची वाट स्वतः चालून दाखवावी, मुख्य स्विच त्याच्याच हाताने एकदा बंद करून घ्यावा, पेटी आपटायची नाही, ओढत न्यायची नाही, मोबाइल चार्जिंगला आत लावायचा नाही हे सांगावे. यात अर्धा तास जातो.

दोष सगळा दुकानदाराचा आहे, असे मात्र हे मासिक मानत नाही. तात्पुरत्या परवान्यांचे अर्ज मागवणे, ना हरकत दाखले, पोलीस आणि अग्निशमन पाहणी, मैदानाचा लिलाव यात आठवडे जातात आणि अनेक ठिकाणी परवाना हातात पडतो तो दिवाळी तोंडावर आल्यावर. घाऊक माल त्याआधीच घ्यावा लागतो. मधल्या दिवसांत तो कुठे ठेवायचा, याचे कायदेशीर उत्तर लहान विक्रेत्याकडे नसते, म्हणून तो घरात जातो, पलंगाखाली जातो. जिल्हा प्रशासनाने परवान्यांचा निर्णय दसऱ्याआधी दिला आणि गावाबाहेर परवानाधारक गोदामातून रोज लागेल तेवढाच माल उचलण्याची सोय झाली, तर पोटमाळे आपोआप रिकामे होतील. घाऊक व्यापाऱ्यांनीही एकदम पाच ट्रिपांचा माल गळ्यात मारण्याऐवजी हप्त्याहप्त्याने, परवान्यातला आकडा पाहून माल द्यायला हवा. देणाऱ्याने परवाना पाहिलाच नाही तर घेणाऱ्यावर कसला अंकुश राहणार?

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या फटाका विक्रेता संघटनांनी या महिन्यातच जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिथे आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्तांकडे तीन कागद घेऊन जावे: मैदानाचा मोजमापासह आराखडा, ज्यात पन्नासच स्टॉल आणि तीन मीटरच्या मोकळ्या पट्ट्या दाखवलेल्या असतील, सामायिक साठवणुकीसाठी परवानाधारक गोदामाशी झालेला करार, आणि परवाने दसऱ्याआधी देण्याची लेखी मागणी. ज्या संघटनेला आराखडा काढण्यात अडचण असेल तिने महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन अधिकाऱ्याला मैदानावर बोलवावे, टेप त्यांच्यासमोर धरावा आणि स्टॉलांच्या खुणा चुन्याने तिथेच आखून घ्याव्यात.