आधी गाठ, मग उपकरण
दोराने झाडावर चढणाऱ्यांमध्ये सध्या धातूच्या उपकरणांची चलती आहे आणि ती उगाच नाही. पण त्यांच्याआधी हे काम गाठ करायची. 1931 साली ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी मांडलेली गाठ अगदी साधी: बारीक दोराचा फास मुख्य दोराभोवती दोनतीनदा गुंडाळायचा. भार पडला की वेढे आवळतात, माणूस जागच्या जागी थांबतो. भार काढला की तीच गाठ बोटांनी वर सरकते. पुढे ब्लेक्स हिचसारख्या गाठी झाडकामात रुळल्या. उपकरणात हीच पकड धातूच्या कड्या देतात; गाठ आवळून बसण्याची कटकट नाही, दिवसभर फांद्यांवर फिरताना हातही कमी भरून येतात. तरीही नवशिक्याच्या हाती आधी गाठच द्यावी, असं माझं ठाम मत आहे. भरभर खाली उतरलं की घर्षणाने नायलॉन तापतं, पृष्ठभाग वितळून चकचकीत आणि कडक होतो. तो कडकपणा बोटांना लागतो, दोर बदलायची वेळ झाली हे कळतं. धातूतली बारीक चीर मात्र नजरेतून निसटू शकते. शिवाय प्रत्येक उपकरणाला ठरावीक जाडीचाच दोर लागतो. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी छाटणीला चढणाऱ्या कित्येकांच्या कमरेला यातलं काहीच नसतं, ही खरी काळजीची गोष्ट. काम देणाऱ्यांनो, महागडं उपकरण परवडत नसेल तर नसू दे. पण चांगला दोर, हार्नेस आणि गाठ शिकवणारा जाणकार माणूस द्या, आणि करवत चालवताना दुसरा आधारदोर बांधल्याशिवाय कुणालाही फांदीवर पाठवू नका.