महेश्वर आणि दोनशे रुपये

मध्यंतरी आईला घेऊन महेश्वरला जाऊन आले. इंदूरहून साधारण ९० किलोमीटर. खाली नर्मदेचा घाट, वर किल्ला आणि त्यात अहिल्याबाईंचा साधासा वाडा. १७६७ ते १७९५ माळव्याचा कारभार पाहणाऱ्या बाईंची बैठक एवढीशी! आई गादीसमोर हात जोडून बराच वेळ उभी होती.

मग अर्थातच साड्या. (मावश्यांची यादी होतीच!) दुकानात आईने घासाघीस करून, दोनदा उठून जायचं नाटक करून २०० रुपये उतरवले. मीही साथ दिली, खोटं कशाला बोलू?

पैसे दिल्यावर दुकानदाराने हौसेने मागची खोली दाखवली. हातमागावर त्याचा भाऊ बसला होता. रेशमी ताणा, सुती बाणा. साडीला किती वेळ लागतो विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "चार दिन, माताजी."

आई गप्प झाली. चार दिवसांत २००, म्हणजे रोजचे ५० रुपये आम्ही त्याच्या मजुरीतून 'जिंकून' आणले होते.

महेश्वरात विणकर आणून वसवले ते अहिल्याबाईंनी. पुढे हा धंदा बसत गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या मंडळींनी 'रेहवा' संस्था काढली, तेव्हा त्याला पुन्हा उभारी आली. बाईंना हात जोडायचे आणि त्यांनी वसवलेल्या माणसांच्या पोटाला चिमटा काढायचा, हे काही जुळत नाही.

कुणी म्हणेल, भाव केला नाही तर दुकानदारच गब्बर होणार, विणकराला काय? खरंय. म्हणून मी आता आधी दोन प्रश्न विचारणार. हातमागाची की पॉवरलूमची? आणि विणली कुणी? समोर माग दाखवला तर सांगेल ती किंमत निमूट द्यायची. मॉलमध्ये लेबल बघून देतोच की! पॉवरलूमच्या नकलेवर मात्र करा हवी तेवढी घासाघीस.

असो. निघताना आई ते २०० रुपये परत द्यायला गेली. दुकानदाराने घेतले नाहीत. "सौदा हो गया," म्हणाला. मग तिने आणखी एक साडी घेतली, सांगितल्या भावात.

ती कुणाला? मावश्यांनो, भांडू नका. ती आईने स्वतःला ठेवली आहे.