यंत्र नवे, पाठ जुनाच?

मुलांच्या हाती लॅपटॉप दिला की शिक्षण आपोआप आधुनिक होते, हा आपले राज्यकर्ते आणि सुशिक्षित पालक या दोघांचाही लाडका भ्रम आहे. पेरू देशाने निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेतून २००८ पासून आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातील ३१९ शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. संगणकाचा वापर वाढला, तर्कशक्तीत थोडी प्रगतीही दिसली. भाषा व गणित मात्र होते तेथेच राहिले. यंत्र बदलले, अध्यापनाची रीत बदलली नाही, तर दुसरे काय होणार?

हेच लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील एका एकशिक्षकी शाळेत आले. चार इयत्ता आणि गुरुजी एकच! अशा गुरुजींनी फळ्यावरचा मजकूर पडद्यावर उतरवून घ्यायचा असेल, तर पाटी काय वाईट होती? चौथीच्या मुलांनी विहिरीची पातळी दरमहा मोजावी, यंत्रावर आलेख काढावा, पाणी का आटले याचा शोध घ्यावा; तेवढ्यात गुरुजींनी पहिलीला अक्षरे गिरवायला शिकवावे. यंत्राचा खरा उपयोग तो हा.

म्हणून शासनाने खरेदीच्या निविदांआधी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूद करावी. पालकांनीही ‘शाळेत संगणक किती?’ हा प्रश्न सोडून ‘त्यावर मुले करतात काय?’ हे विचारावे.