घृणा आणि निर्घृण

इंग्रजीतील 'डिसगस्ट' हा शब्द जिभेवर जन्मला. लॅटिनमध्ये 'गुस्तुस' म्हणजे चव. तिला नकाराचा उपसर्ग लागून हा शब्द फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. नकोशा घासाविषयीचा शब्द पुढे नकोशा माणसालाही लागू झाला.

आपल्या 'घृणे'चा प्रवास याहून नवलाचा आहे. संस्कृतात घृणा म्हणजे मुळात ऊब, आणि त्यावरून करुणा. किळस हा अर्थही तिला संस्कृतातच चिकटला. मराठीत तेवढाच उरला. जमेची रक्कम नावे पडावी, तसेच हे झाले! जुनी नोंद मात्र 'निर्घृण' या शब्दात शाबूत आहे. वृत्तपत्रे 'निर्घृण हत्या' लिहितात, तेव्हा मारणाऱ्याला किळस नव्हती असे नव्हे, दया नव्हती असे त्यांना म्हणायचे असते.

'जुगुप्सा' हा शब्द 'गुप्', म्हणजे रक्षण करणे, या धातूपासून आला. स्वतःला जपण्याची इच्छा, म्हणून अंग चोरणे. भरतमुनींनी तिला बीभत्स रसाचा स्थायिभाव मानले. जैन कर्मशास्त्राने तिची गणना नऊ नोकषायांत केली. तिच्यावरचा उतारा म्हणजे निर्विचिकित्सा, सम्यग्दर्शनाचे तिसरे अंग. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त त्यासाठी उद्दायन राजाचे नाव घेतले आहे. रोगजर्जर मुनीचे रूप घेऊन आलेला देव आहार घेऊन राजाच्या अंगावरच ओकला, तरी राजाने नाक मुरडले नाही. आहारात आपलेच काही चुकले असेल, असे म्हणत त्याने मुनीचे शरीर धुतले, अशी ती कथा. त्याच ग्रंथात आचार्य म्हणतात की, सम्यग्दर्शन असेल तर चांडाळकुळात जन्मलेलाही देवतुल्य होय; तो राखेखालचा निखारा आहे.

रोग्याची किळस निदान डोळ्यांना दिसणाऱ्या कारणाने येते. जन्मावरून धरलेल्या विटाळाला तेवढेही कारण लागत नाही. नाशिकला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी स्थानिक धुरा वाहिली. मागणी दर्शनाची होती आणि उत्तर बंद दरवाज्याचे. लढा सुमारे पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही.