तक्रार नाही, ऐकून घ्या

शाळेतून मुलं जे किस्से घरी आणतात त्यातले बरेचसे दुसऱ्या कुणाच्या तरी फजितीचे असतात. आपण अर्धवट कान देतो, ‘हात धू आणि जेवायला बस’ म्हणतो आणि विषय संपतो. आमच्या लेकीनं आणलेला किस्सा असा होता: वर्गातल्या स्वमग्न मुलाला काही पोरं मधल्या सुट्टीत एखादा घाणेरडा शब्द शिकवतात आणि ‘जा, बाईंना सांगून ये’ म्हणतात. तो जातो आणि पाढे म्हणावेत तशा खणखणीत आवाजात तो शब्द बाईंना ऐकवतो. बाई लालबुंद, वर्ग हसून लोळतोय. सगळे हसताहेत म्हणून तोही हसतो. “त्याला आवडतं गं आई ते,” लेक म्हणाली. तूही हसलीस का, असं विचारल्यावर “सगळेच हसतात” एवढंच उत्तर मिळालं.

हा मुलगा घरी जाऊन यातलं काहीही सांगणार नाही. बोलण्यामागचा डाव ओळखणं स्वमग्न मुलांना अनेकदा अवघड जातं. जो आपल्याशी बोलतो तो मित्र, इतका साधा हिशेब असतो. ‘तुला कुणी त्रास देतं का?’ असं आईनं विचारलं तर तो ‘नाही’ म्हणेल, आणि त्याच्या परीनं ते खरंच असेल. घरी पोचतं ते वेगळंच. सकाळी पोट दुखतं, गणवेश घालायला नकार, शर्टाची कॉलर चावून चावून ओली, रात्रीची झोप उडालेली. मग आईबाप डॉक्टर गाठतात, थेरपीच्या वेळा बदलून बघतात.

दुसरा प्रकार याहून हुशारीचा. या मुलाला काय सहन होत नाही हे वर्गाला पक्कं ठाऊक असतं. बाईंची पाठ वळली की त्याच्या कानाशी कंपासपेटी खडखडवायची. त्याची पाण्याची बाटली ठरल्या जागेवरून हळूच उचलून मागच्या बाकावर ठेवायची. तो कान झाकतो, किंचाळतो, शेजारच्याला ढकलतो. बाई वळतात त्या नेमक्या याच क्षणी. डायरीत शेरा पडतो, ‘वर्गात आक्रमक वागतो.’ त्याच्या घरी गोष्टीचा एवढा उत्तरार्धच जातो. पूर्वार्ध आपल्या मुलांकडे असतो, म्हणजे ओघानं आपल्याकडे.

तरीही आपण गप्प बसतो. नसती उठाठेव कशाला, त्या मुलाच्या आईला आधीच काय कमी ताप आहे, तिला माहीत असेलच. यातलं शेवटचं कारण मला सगळ्यात पोकळ वाटतं. तिला कोण सांगणार? मुलगा सांगत नाही, बाईंनी पाहिलेलं नसतं आणि बाकीच्या आया तिला वाईट वाटू नये म्हणून तोंड मिटून बसलेल्या.

मी फोन केला. “हॅलो, मी अमकीची आई बोलतेय,” एवढंच म्हटलं होतं, तर पलीकडून, “काय केलं त्यानं? सॉरी हं, मी बोलते त्याच्याशी.” दुसऱ्या पालकाचा फोन म्हणजे तक्रार, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून पहिलं वाक्य हेच हवं: तक्रार नाही, तुमच्या मुलानं काहीही केलेलं नाही. मग जे कळलं ते, जेवढं कळलं तेवढंच सांगायचं. मी सांगितलं तर तिनं विचारलं, “कुठल्या दिवशी?” आणि डायरी आणून ती शेऱ्यांच्या तारखा ताडून बघू लागली. दोन वाक्यांनंतर म्हणाली, “पण शाळेत नका बोलू हं, ताई. मागच्या वर्षीच म्हणाले होते, याच्यासाठी दुसरी शाळा बघा.”

इथे कायदा माहीत असलेला बरा. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यात स्वमग्नता नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते 21 केले आणि तिला जागा दिली. त्याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे सरकारमान्य शाळेनं अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयीही करायच्या आहेत. चारचौघांत मुद्दाम अपमान केल्याबद्दल कलम 92 मध्ये सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. अकरा वर्षांच्या पोरांवर ते उगारावं असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘मुलांची मस्करी हो’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना ते वाचून दाखवायला हरकत नाही.

तिनं तक्रार केली तर शाळेला ती ‘हळवी आई’ वाटते. दुसऱ्या पालकानं स्वतःच्या नावानं लिहून दिलं की तेच म्हणणं साक्ष ठरतं. तिला विचारून मी तसं लिहून दिलं आणि लेकीनं वर्गशिक्षिकांना जे पाहिलं ते सांगितलं. बाईंना पूर्वार्ध पहिल्यांदाच कळत होता. मधल्या सुट्टीत वर्गात मोठं माणूस थांबू लागलं, त्याचा बाक पुढे आला. कंपासपेटीवाल्यांपैकी एकाच्या वडिलांनी मला गेटवर ‘समाजसेविका’ म्हणून घेतलं. चालायचंच.

काही गोष्टी मात्र कृपा करून टाळा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका. आपल्या मावसजावेच्या भाच्याला कुठल्या काढ्यानं कसा गुण आला हे सांगू नका, तिनं असले काढे मोप ऐकलेत. मुलगा शेजारी बसला असेल तर बोलू नका. तो उत्तर देत नसला तरी त्याला ऐकू येतं.

बाकी फार काही लागत नाही. पुढच्या वेळी जेवताना असा किस्सा निघाला तर कोण, कुठे, कधी हे लेकराला शांतपणे विचारून घ्या आणि त्या आईला त्याच आठवड्यात फोन करा. नंबर वर्गाच्या ग्रुपवर असतोच.