हुर्यो कुणाची उडवली, फायदा कुणाचा झाला?

15 डिसेंबर 2023 ला मुंबई इंडियन्सने रोहित शर्माचं कर्णधारपद काढून हार्दिक पांड्याला दिलं. पाच वेळा आयपीएल जिंकून देणारा कर्णधार असा बाजूला केला म्हणून चाहते पेटले. 1 एप्रिल 2024 ला वानखेडेवर पांड्या टॉसला आला तेव्हा अशी हुर्यो उडाली की संजय मांजरेकरांना माइकवरून 'नीट वागा' म्हणावं लागलं.

निकाल काय लागला? टीम त्या वर्षी दहापैकी दहावी आली. तरीही 2025 मध्ये कर्णधार पांड्याच. म्हणजे मालकाचा निर्णय तसूभर हलला नाही.

'चाहत्यांच्या दबावापुढे मालक झुकतो' असं म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे: झुकेल कशाला? 2023 ते 2027 साठी आयपीएलचे प्रसारण हक्क 48,390 कोटींना विकले गेले. त्यातला मोठा वाटा सगळ्या टीमना मिळतो, कुणी पहिला येवो की शेवटचा. त्यात भारतातले डिजिटल हक्क होते रिलायन्स समूहातल्याच कंपनीकडे, आणि मुंबई इंडियन्सही रिलायन्सचीच. तुम्ही मोबाईलवर मॅच लावून पांड्याला शिव्या देत होता, तेव्हाही प्रेक्षकसंख्या त्यांचीच वाढत होती. तुमचा गुस्सा हाच त्यांचा माल!

आणि त्या गुस्स्याचा मार खाल्ला कुणी? पगारी खेळाडूने. तीन महिन्यांनी, 29 जूनला, त्याच पांड्याने वर्ल्डकप फायनलची शेवटची ओव्हर टाकली आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयजयकार झाला. माफी मात्र मोजक्यांनीच मागितली.

ही आपली जुनीच खोड आहे. मशिदीत काही बिनसलं की आपण तुटपुंज्या पगाराच्या इमामसाहेबांवर तुटून पडतो. ट्रस्टींकडे चंद्याचा हिशोब मागायला कुणी उठत नाही.

मग चाहते काहीच करू शकत नाहीत का? करू शकतात. जर्मनी बघा. तिथे बहुतेक फुटबॉल क्लबांत 50 टक्के अधिक एक मत सभासदांच्या हाती असतं. डिसेंबर 2023 मध्ये लीगने प्रसारणाच्या कमाईत बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचं ठरवलं. चाहत्यांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून मॅच थांबवल्या, आठवड्यामागून आठवडे. फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने तो सौदाच सोडून दिला.

उलट मँचेस्टर युनायटेडचे चाहते ग्लेझर कुटुंबाविरुद्ध 2005 पासून ओरडताहेत. 2 मे 2021 ला मैदानात घुसून लिव्हरपूलविरुद्धची मॅचसुद्धा पुढे ढकलायला लावली. पण बहुमत अजून ग्लेझरांचंच आहे. त्यांचा जोश जर्मनांपेक्षा कमी नव्हता. त्यांच्या हातात मत नव्हतं, एवढाच फरक.

म्हणून म्हणतो, जिथे मत नाही तिथे नुसता आवाज मालकाला ऐकू येत नाही. आयपीएलच्या चाहत्याला मत देणारं सभासदत्व नाही, सभा नाही, प्रतिनिधी नाही. त्याला 'कुटुंब' म्हणतात आणि जर्सी विकतात. मागायचं असेल तर आधी हे मागा. ते मिळेपर्यंत एकच हत्यार आपल्या हातात आहे: तिकीट न घेणं, जर्सी न घेणं, मॅच न लावणं, आणि तेही एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून.

एवढं जमणार नसेल तर खुशाल मॅच बघा. पण मालकावरचा राग मैदानातल्या पोरावर काढून 'आम्ही दबाव आणला' असं तरी म्हणू नका.