पुराचा निरोप वस्तीतून कोण देणार?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. धोक्याची पातळी 45 फूट. पण त्या फुटांचा अर्थ नदीकाठच्या वस्तीला सांगणारे कोण होते? 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. जुलै 2021 मध्ये साताऱ्यातील पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरड घरांवर आली. वीज गेली की मोबाईलचा टॉवर किती तग धरतो, हे डोंगरातल्या माणसाला विचारा.

हॅम रेडिओला टॉवर लागत नाही. गाडीच्या बॅटरीवर संच चालतो. 2004 च्या त्सुनामीत अंदमानचे निरोप हौशी रेडिओवाल्यांनी मुख्य भूमीवर पोहोचवले. अमेरिकेत असे स्वयंसेवक वादळाची चाहूल लागताच हवामान खात्याला कळवतात. आपल्याकडे त्यांची आठवण होते ती संकट कोसळल्यावर.

'हौशी' हा शब्दच घोटाळ्याचा. हौसेला पैसा आणि फुरसत लागते. म्हणून संच शहरातल्या माडीवर, आणि पाणी शिरते गावकुसाबाहेरच्या घरात! वास्तविक 12 वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवता येतो. कोयना-कृष्णाकाठच्या वस्त्यांतील मुला-मुलींची तयारी करून घेणे, त्यांना संच देणे, हा खर्च आपत्ती व्यवस्थापनाच्या निधीतून का होऊ नये? पाणी कोणत्या पायरीला लागले की कोणाचे घर बुडते, हे त्यांना तोंडपाठ असते. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला तेवढेच ठाऊक नसते.